नवी पाटी, जुना हात

आमची भाची चित्रे काढते असे कळले की पाहुणे विचारतात, “कागदावर की कॉम्प्युटरवर?” ती म्हणते, “काचेवर.” मग पाहुण्यांना काहीच कळत नाही आणि तेवढ्यात चहा येतो.

तिचे काम खरोखरच काचेवर चालते. मांडीवर पाटीएवढा टॅब्लेट आणि हातात त्याचे पेन. लग्नाच्या उर्दू-मराठी पत्रिका, दुकानांच्या बोर्डांसाठी अक्षरे, मदरशाच्या जलशाचे फलक, शाळेच्या वार्षिक अंकासाठी वेलबुट्टी अशी कामे ती गेली पाच वर्षे करते आहे. घरच्या वीजबिलापासून धाकट्या भावाच्या डिप्लोमाच्या फीपर्यंत बरेच काही त्या काचेवरून येते. म्हणून एका संध्याकाळी ती आमच्याजवळ येऊन “खाला, मला टॅब्लेट बदलावा लागणार,” असे म्हणाली, तेव्हा ही हौसेची गोष्ट नव्हे हे आम्हाला लगेच समजले.

पुण्यातल्या एका स्टुडिओने तिला लहान मुलांच्या पुस्तकांचे सहा महिन्यांचे काम देऊ केले होते. एकच गोष्ट उर्दूत आणि मराठीत, पानांना चारही बाजूंनी नक्षी, शीर्षके हाताने लिहिलेली. अट एकच होती. त्यांचे सगळे चित्रकार आयपॅडवर प्रोक्रिएट नावाच्या अ‍ॅपमध्ये काम करतात. एकाच्या चित्रात दुसरा दुरुस्ती करतो, फायली या हातातून त्या हातात जातात. तेव्हा हिनेही त्याच अ‍ॅपची फाईल द्यावी. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्ट नावाचे शहर आहे, तिथल्या सॅव्हेज इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २०११ साली हे अ‍ॅप काढले. एकदाच पैसे द्यायचे, महिन्याचे भाडे नाही, ही त्याची सोय. पण ते आयपॅडवर आणि त्याची छोटी आवृत्ती आयफोनवर, एवढेच चालते. भाचीकडे होता सॅमसंगचा अँड्रॉइड टॅब्लेट.

ज्यांच्या घरी ही यंत्रे नाहीत त्यांना वाटेल, त्यात काय, एक पाटी ठेवायची आणि दुसरी घ्यायची. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. अब्बांना वाटले नाही.

अब्बांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमचे अब्बा, म्हणजे भाचीचे नाना, कातिब. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या एका उर्दू छापखान्यात त्यांनी बावीस वर्षे किताबत केली. आजच्या मुलांना हे मुद्दाम सांगावे लागते की उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके फार उशिरापर्यंत हातानेच लिहिली जात होती. मराठीचे खिळे जुळवणे सोपे नव्हते, पण जुळत तरी होते. उर्दूची नस्तालिक लिपी खिळ्यांना दाद देत नव्हती. तिच्यात शब्द सरळ रेषेत बसत नाही. उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत येतो. शेजारी कोण आहे ते पाहून एकेक अक्षर आपले रूप बदलते. त्यामुळे छापखान्यात मशीन कितीही मोठे असो, त्याच्या आधी एक माणूस गुडघा उभा करून, त्यावर तक्ती टेकवून, बोरू घेऊन बसलेला असायचा.

१९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे सुमारे २०,००० जोड हाताने लिहून काढले, मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात घातले, आणि ‘नूरी नस्तालिक’ तयार झाले. लाहोरचे ‘जंग’ त्यावर निघू लागले. ते यंत्र महाग होते, त्यामुळे आपल्याकडच्या कातिबांना लगेच झळ लागली नाही. मग १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ बाजारात आणले. साध्या कॉम्प्युटरवर, टेबलावर बसून, कोणीही नस्तालिक उमटवू लागला.

अब्बांच्या छापखान्यात ते आले १९९६ साली. मालक वाईट वागले नाहीत, हे अब्बा आजही आवर्जून सांगतात. शिकायला पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत अब्बांना ‘अलिफ’ सापडला, ‘बे’ सापडली. पण ‘नून गुन्ना’ कुठे आहे ते शोधता शोधता ओळच डोक्यातून जायची. सोळाव्या दिवशी त्या खुर्चीवर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा बसला. त्याला कत म्हणजे काय ते माहीत नव्हते, पण बोटे भरभर चालत होती. अब्बा सोलापूरला परत आले आणि मामूंच्या चादरींच्या दुकानात हिशेब लिहू लागले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते. आज आमचे तेवढेच आहे, म्हणून ही गोष्ट अलीकडे जास्त आठवते.

तर भाचीने टॅब्लेट बदलण्याचे काढले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी “केवढ्याला पडतो?” असे विचारले. अब्बांनी विचारले, “दिवस किती दिलेत?”

“दीड महिना, नाना. त्यानंतर पहिली पाने द्यायची.”

“मग घे,” अब्बा म्हणाले.

पैशांची गोष्ट थोडक्यात. दुकाने हप्त्यावर देतात. ‘नो कॉस्ट’ असे नाव असले तरी बँक आपले व्याज लावतेच आणि दुकान तेवढी सूट देते, हे भावाने बिल वाचून दाखवले. आपाला ते नको होते. तिने मोहल्ल्यातल्या बायकांच्या बीसीत आपला नंबर आधी मागून घेतला. ज्या बहिणीचा नंबर होता तिने तो आनंदाने सोडला. तिच्या मुलीची लग्नपत्रिका भाचीने करायची होती, हे पुढे लक्षात ठेवा.

खरेदीला आम्ही पुण्याला गेलो आणि अब्बा सोबत यायला निघाले. दुकानात गेल्यावर कळले की आयपॅड निवडणे सोपे, पेन निवडणे अवघड. सॅमसंगच्या त्या टॅब्लेटबरोबर एस पेन डब्यातच आले होते. ते वाकोम कंपनीच्या तंत्रावर चालते, रेघ ओढायला त्याला बॅटरी लागत नाही. पाच वर्षांत भाचीने ते कधी चार्ज केल्याचे आम्हाला आठवत नाही. अ‍ॅपलची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, चार्ज करावी लागते, आणि कोणतीही पेन्सिल कोणत्याही आयपॅडवर चालत नाही. २०१५ ची पहिली, २०१८ ची दुसरी, २०२३ ची यूएसबी-सीवाली आणि २०२४ ची प्रो. त्यांतली यूएसबी-सीवाली सर्वांत स्वस्त, आणि नेमका तिलाच दाब कळत नाही. हलके टेकवा की जोर द्या, ती दाब ओळखत नाही. नोट्स काढणाऱ्या विद्यार्थ्याला ती पुरेल. चित्रकाराला ती घेणे म्हणजे मुके पेन घेणे. आम्ही किंमत पाहून तिच्याकडेच हात नेला होता. भाचीने आधी माहिती काढून ठेवली होती म्हणून वाचलो. ज्यांच्या घरी मुलामुलींसाठी असा टॅब्लेट घ्यायचे चालले असेल त्यांनी पेनाच्या डब्यावर दाबाचा उल्लेख आहे की नाही, एवढे तरी नक्की पाहावे.

काउंटरवर प्रो पेन्सिल ठेवलेली होती. अब्बांनी ती उचलली. बोटांत धरली, आणि सवयीने अंगठ्याने किंचित फिरवली. पडद्यावरच्या रेघेची जाडी बदलली. अब्बा थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा बदलली.

इथे कलमेबद्दल सांगायला हवे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्या कापाच्या रुंदीला कत म्हणतात आणि सगळी मापे त्याच कतने मोजतात. नस्तालिकचा अलिफ तीन कत उंच. पण कातिबाचा खरा हुनर मापात नसतो, तो बोटांत असतो. ‘बे’ची लांब नाव लिहिताना कलम एका कोनात चालते, टोकाला आली की बोटांत किंचित वळते आणि रेघ निमुळती होते. हे वळणे बाहेरून दिसत नाही. साध्या डिजिटल पेनाला आपण कोणत्या बाजूला कललो आहोत ते कळते, पण आपल्या जागी गोल फिरलो हे कळत नाही. एस पेनाला कळत नाही, अ‍ॅपलच्या आधीच्या पेन्सिलींनाही कळत नव्हते. २०२४ च्या प्रो पेन्सिलीत ते कळते. वाकोमच्या एका पेनात ही सोय त्याआधीही होती, पण ते कॉम्प्युटरला जोडायच्या वेगळ्या पाट्यांसाठी.

“याला कळते,” अब्बा एवढेच म्हणाले आणि पेन्सिल जागेवर ठेवली. प्रो पेन्सिल चालते ते आयपॅड नवे आणि महाग. बीसीच्या पैशांत ते बसत नव्हते. आम्ही दुसऱ्या दुकानातून वापरलेला आयपॅड एअर आणि त्याला चालणारी २०१८ ची पेन्सिल घेतली. परतीच्या गाडीत अब्बा सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते.

घरी आल्यावर पहिले काम सामान हलवण्याचे. घर बदलताना भांडी नेता येतात, भिंतीतली फडताळे नेता येत नाहीत. इथेही तसेच असते. चित्राच्या फायलीत लेयर असतात. काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक थर: खाली रंग, वर नक्षी, त्यावर अक्षरे. प्रत्येक अ‍ॅपची स्वतःची एक फाईल असते आणि ती दुसऱ्या अ‍ॅपला उघडत नाही. दोघांना समजेल अशी भाषा म्हणजे फोटोशॉपची पीएसडी फाईल. तिच्यात थर बऱ्यापैकी शाबूत राहतात, फक्त टाईप केलेला मजकूर मजकूर राहत नाही, त्याचे चित्र होते. जेपीजी किंवा पीएनजी काढली तर सगळे थर एकमेकांत मिसळतात. दिसायला चित्र तेच, पण त्यातली एक पाकळी वेगळी उचलायची म्हटली तर उचलता येत नाही.

भाचीने दोन रात्री जागून एकशे चाळीस फायली पीएसडी करून पेन ड्राइव्हवर घेतल्या. शेवटच्या फोल्डरमध्ये लग्नपत्रिकांच्या अकरा चौकटी होत्या. फजर व्हायला आली होती, डोळे मिटत होते, आणि तिने त्या सवयीने पीएनजी काढल्या. गिऱ्हाइकाला पाठवताना रोज काढायची तशाच. चार दिवसांनी जुना टॅब्लेट पूर्ण पुसून भावाला अभ्यासाला दिला. मग नव्यावर त्या अकरा उघडल्या आणि पाहिले तर प्रत्येकीत एकच थर. अनार, सुरू, जाळी, कमान, सगळे एकाच काचेत गोठलेले.

ती रडली. चूक तिचीच होती, हे तिला माहीत होते म्हणून जास्त रडली. अब्बा म्हणाले, “तूच काढल्या होत्यास ना? परत काढशील.” काढल्या तिने, पण सहाच. पाच तशा पुन्हा जमल्या नाहीत, हेही खरे आहे.

ब्रशांचे आणखी वेगळे. डिजिटल चित्रकाराचा ब्रश म्हणजे अ‍ॅपमधली आखणी: टोकाचा आकार कसा, दाबल्यावर किती फुगावे, कोन किती. तीन वर्षे थोडे थोडे बदलत तिने नस्तालिकसाठी एक ब्रश बनवला होता. तो एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात नेता येत नाही. फडताळ म्हटले ते हे. प्रोक्रिएटमध्ये तयार सुलेखनाचे ब्रश आहेत, पण ते इंग्रजी अक्षरांच्या वळणाचे. त्यांनी ‘हे’ लिहिला की तो टोपी घातल्यासारखा दिसायचा.

पण तिथे एक सोय होती. ब्रशच्या टोकाचा आकार म्हणून बाहेरचे चित्र घेता येते. अब्बांनी लोखंडी पेटीतून आपली जुनी कलम काढली. नव्याने कापली, हात थरथरतो, तरी काप एका झटक्यात झाला. शाईत बुडवून कागदावर ओढली नाही, नुसती टेकवली. एक छोटी तिरकी खूण उमटली. भाचीने त्याचा फोटो घेतला, काळा-पांढरा केला आणि तोच ब्रशचा आकार ठरवला. त्या दिवसापासून त्या यंत्रात अब्बांच्या कलमेचा काप आहे. पेन फिरल्याचे यंत्राला कळत नाही म्हणून तिने एकाच कापाचे तीन कोनांचे तीन ब्रश केले, आणि जिथे रेघ निमुळती व्हायला हवी तिथे ती कडा आखून आत रंग भरते. अब्बांना हे पटत नाही. “हे लिहिणे नाही, शिवणकाम आहे,” म्हणतात. पण पाहत बसतात.

आणि मग तो महिना. खरे तर सगळ्यांत जास्त लिहायला हवे ते त्याबद्दल, कारण त्यात आम्ही चांगले वागलो नाही.

दोन दिवसांत होणारी पत्रिका पाच दिवस घेऊ लागली. नवी काच जास्त गुळगुळीत, पेन घसरायचे. पेनाचे वजन वेगळे, तेवढ्याने मनगट दुखायचे. दाबाचे प्रमाणही वेगळे. सेटिंगमध्ये त्याची एक वक्र रेषा असते, ती आपल्या हाताप्रमाणे वाकवायची, हे तिला दहाव्या दिवशी सापडले. पण सगळ्यांत जास्त त्रास बोटांच्या खुणांचा. जुन्या अ‍ॅपमध्ये चुकलेले परत घ्यायला कोपऱ्यात एक बाण होता. इथे दोन बोटांनी टकटक केले की शेवटची रेघ पुसली जाते, तीन बोटांनी केले की परत येते, चार बोटांनी सगळी बटणे नाहीशी होतात. शिकल्यावर हे फार जलद आहे. शिकेपर्यंत मात्र डाव्या हाताची दोन बोटे सहज काचेला लागली तरी लिहिलेला ‘मीम’ गायब. “सेव्ह कुठे करायचे?” हेही तिने दोन दिवस शोधले. तिथे सेव्हचे बटणच नाही, फाईल आपोआप साठत जाते. जुन्या सवयीचा अंगठा रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बाण शोधत राहायचा.

ती चिडचिडी झाली. जेवायला हाक मारली तर दुसऱ्या हाकेला “हो” म्हणायची आणि तिसरीला यायची. आणि एका रात्री आम्हीच बोलून गेलो, “एवढा महागाचा घेतलास आणि आता हात चालत नाही?”

वर्गात आम्ही असे कधी म्हटले नसते. आमच्या उर्दू शाळेत मुले तिसरीपर्यंत उजवीकडून डावीकडे लिहायला चांगली सरावतात. मराठीच्या तासाला दर वर्षी चार-पाच जण वही शेवटच्या पानापासून सुरू करतात. त्यांना मराठी येत नाही असे नसते; फाटकाबाहेर ती मराठीतच भांडतात. हाताला अजून दार कुठे आहे ते सापडलेले नसते, एवढेच. आम्ही वही सरळ करून देतो आणि पुढे जातो. दोन महिन्यांत ती मुले दोन्हीकडून लिहितात. वीस वर्षे हे पाहत आलो, आणि आपल्याच भाचीच्या वेळी विसरलो. अब्बांनी त्या रात्री आमच्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांचा हिशेब त्या नजरेत होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक ठरले. मगरिबनंतर इशापर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही आणि त्या वेळात गिऱ्हाइकाचे काम करायचे नाही. फक्त हात बसवायचा. ती रोज एकच तक्ती लिहायची, अलिफपासून येपर्यंत, जशी अब्बांनी लहानपणी त्यांच्या उस्तादांकडे लिहिली होती. काम होत नाही अशा तासाला मोल असते हे बाकीच्या घराला पटवायला वेळ लागला. स्वयंपाक आपाने आणि आम्ही वाटून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात नुक्त्याची गोष्ट घडली.

बीसीत नंबर सोडणाऱ्या त्या बहिणीच्या मुलीची पत्रिका. पाचशे प्रती. वरच्या ओळीत, अल्लाहच्या रहमतीने अमुक दिवशी निकाह होत आहे, असा मजकूर, नस्तालिकमध्ये हाताने लिहिलेला. रात्री उशिरा काम संपले. सकाळी दहा वाजता छापखान्याला फाईल जायची होती. भाचीने ती आम्हाला दाखवली, आम्ही वाचली, मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि “छान” म्हटले. आम्ही उर्दू शिकवतो, हेही इथे कबूल केले पाहिजे.

सकाळी अब्बांनी चष्म्यावर भिंग धरून ती पाहायला घेतली. कातिबाची सवय; किताबत झाली की तो शब्द वाचत नाही, नुक्ते मोजतो. पहिल्याच ओळीवर त्यांचे बोट थांबले.

उर्दूत ‘रे’ अक्षरावर एक नुक्ता आला की त्याचे ‘झे’ होते. ‘रहमत’च्या पहिल्या अक्षरावर एक नुक्ता होता. बारीक, पण होता. रहमतची ‘जहमत’ झाली होती. जहमत म्हणजे त्रास, आपत्ती. अल्लाहच्या रहमतीऐवजी नेमके काय छापले जाणार होते आणि पाचशे घरांत जाणार होते, ते मनात आले आणि आपा मटकन खाली बसली.

नुक्ता आला कुठून? उजव्या हाताने उर्दू लिहिणाऱ्याचा तळवा नेहमी लिहिलेल्या मजकुरावरूनच सरकतो. कागदावर शाई फिसकटू नये म्हणून कातिब हाताखाली कोरा कागद ठेवायचे. काचेवर शाई फिसकटत नाही, म्हणून भाचीने काही ठेवले नव्हते. पण बोटाने रंगवण्याची सोय चालू राहिली होती, करंगळीची कड काचेला कुठेतरी टेकली आणि एक ठिपका पडला. यंत्राचा दोष नव्हता. बोटाने रेघ उमटू नये, फक्त पेनाने उमटावी, अशी सेटिंग असते. ती बंद करायची असते हे आम्हाला माहीत नव्हते. जुन्या टॅब्लेटवर तिने ते कधीतरी पाच वर्षांपूर्वी केले असणार आणि विसरून गेली असणार.

दोन बोटांची टकटक आता उपयोगाची नव्हती, त्यानंतर शेकडो रेघा ओढून झाल्या होत्या. अक्षरांचा थर वेगळा होता म्हणून तेवढाच ठिपका पुसता आला. अकरा चौकटींसारखे सगळे एकाच थरात असते तर सकाळी दहापर्यंत काही झाले नसते. फाईल पावणेदहाला गेली. अल्हम्दुलिल्लाह, त्या घरी ही गोष्ट आजतागायत कळलेली नाही. हा अंक त्यांच्याकडेही जातो, तेव्हा आता कळेल, आणि आम्ही माफी मागतो.

त्या दिवसापासून अब्बांना घरात काम मिळाले. भाचीची कोणतीही फाईल नाना नुक्ते मोजल्याशिवाय बाहेर जात नाही. ती आधी पान मोठे करून देते. दोन बोटांनी काच ताणली की अक्षर हाताएवढे होते, भिंगाची गरज राहत नाही. अब्बांना ही युक्ती फार आवडली आहे. आठ पाकळ्यांपैकी एक काढली की उरलेल्या सात आपोआप उमटतात, ते मात्र आवडलेले नाही. त्याला ते कपट म्हणतात. “नाना, तुम्ही कंपास वापरायचात ना?” असे ती विचारते, तेव्हा विषय बदलतात.

एकदा तिला आलेला उर्दू मेसेज त्यांनी आयपॅडवर वाचला आणि विचारले, “हा कोणी लिहिला?” तिच्या जुन्या टॅब्लेटवर उर्दू नस्ख वळणात दिसायची, अरबीसारखी सरळ. आयपॅडवर ती नस्तालिकमध्ये दिसते. गुगलने २०१४ मध्ये काढलेला नोटो नस्तालिक हा फॉन्ट २०१७ पासून अ‍ॅपलच्या यंत्रांतही आहे. कोणीही लिहिलेला नाही, यंत्रानेच उमटवला, हे कळल्यावर अब्बांनी ‘नून गुन्ना’ कसा बसला आहे ते बराच वेळ पाहिले. “वाईट नाही,” म्हणाले.

दीड महिना पुरला, चार दिवस वर गेले. स्टुडिओने ते दिले. पहिल्या पुस्तकाची चोवीस पाने गेली आहेत. जुन्या आयपॅडची मेमरी कमी, त्यामुळे पान मोठे घेतले की थर मोजकेच मिळतात. मग ती नक्षी वेगळ्या फाईलीत करून आणते. वेग अजून पूर्वीएवढा आलेला नाही, येतो आहे. दर जुमेरातच्या रात्री ती सगळ्या फायली पीएसडी करून पेन ड्राइव्हवर घेते आणि पेन ड्राइव्ह अब्बांच्या लोखंडी पेटीत, कलमांच्या शेजारी ठेवते.

परवा इशानंतर आम्ही पाणी प्यायला उठलो, तर बैठकीत अब्बा एकटेच आयपॅड मांडीवर घेऊन बसले होते. गुडघा उभा, तक्ती टेकवावी तसा टेकवलेला. हाताखाली कोरा कागद. भाची दाराआड उभी राहून पाहत होती. तिने आम्हाला बोट ओठांवर ठेवून गप्प राहायला सांगितले. एक अलिफ लिहिला, दोन बोटांनी टकटक करून पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. टकटक त्यांना कोणी शिकवली नव्हती.

सकाळी भाचीने गॅलरी उघडली, तर एक नवी फाईल होती. एकच थर, त्यावर एकच अलिफ. तिने ब्रशचा काप मोजपट्टीसारखा शेजारी ठेवून पाहिला. पुरे तीन कत. फाईलला नाव नाही; आपोआप पडते ते ‘शीर्षक नसलेले चित्र’, तेच तिने राहू दिले आहे.